विश्लेषण : चंदगडसारखे गाव शहर होते, तेव्हा रस्त्याची जागा कुठे जाते?

तालुक्याची गावे नगरपंचायती झाली. सरंजामी जमिनी मोकळ्या होत आहेत, गुंठ्यांचे जुने व्यवहार नियमित होत आहेत. पण या सगळ्यात उद्याचा रस्ता, नाला आणि मैदान यांची जागा कोण राखून ठेवतो? कंपाला आणि दार-एस-सलामपुढचा प्रश्न चंदगडलाही कसा लागू पडतो, याविषयी...

चंदगडची स्थिती काय?

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तो 'चंदगड तालुका वगळून'. त्यामुळे तालुक्याचे सरकार कोल्हापुरात आणि बाजार बेळगावात, अशी विभागणी सत्तर वर्षांनंतरही कायम आहे. कोल्हापूरला जायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर. दवाखाना, लग्नाचा बस्ता, कॉलेज, मोटारीचे सुटे भाग यांसाठी पावले आपोआप तिकडे वळतात.

तालुक्याची वाढही याच दिशेने झाली. बेळगाव-वेंगुर्ले मार्गावर शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी फाटा, नागनवाडी ही नावे पूर्वी एसटीच्या थांब्यांपुरती होती. आता तिथे दुकाने, गॅरेज, काजू प्रक्रिया, हॉटेले आणि त्यामागे घरे उभी राहिली आहेत. हलकर्णी आणि शिनोळी येथे औद्योगिक वसाहती आहेत. खुद्द चंदगड गावात तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय, एसटी आगार आणि महाविद्यालय आहे. तालुक्याच्या मुख्यालयांना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण राज्याने २०१४मध्ये घेतले. चंदगडची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली ती त्यानंतर काही वर्षांनी. १७ प्रभाग, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी असा सरंजाम उभा राहिला (हा शब्द चंदगडमध्ये जपून वापरावा लागतो, कारण पुढे येईल).

आता मुद्दा. गावाची नगरपंचायत झाली म्हणून गाव शहर होत नाही, आणि नगरपंचायत झाली नाही म्हणून फाट्यावरची वाढ थांबत नाही. जमीन मात्र रोज विकली जाते. विकल्या गेलेल्या गुंठ्यावर घर उभे राहिले की त्यातून रस्ता काढणे पुढची पन्नास वर्षे अवघड होऊन बसते.

हेरे सरंजामाचा याच्याशी काय संबंध?

चंदगडमधील जमिनीचे कोडे समजून घ्यायचे तर हेरे सरंजाम टाळता येत नाही. राजकीय किंवा लष्करी सेवेच्या बदल्यात दिलेल्या महसुलाच्या हक्काला सरंजाम म्हणत. जमीन कसणारा एक, तिच्या उत्पन्नावर हक्क दुसऱ्याचा. तत्कालीन मुंबई राज्याने १९५२मध्ये सरंजाम, जहागिरी आणि राजकीय इनामे परत घेण्याचे नियम लागू केले. हेरे या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरंजामात चंदगड तालुक्यातील चाळीसहून अधिक गावे येत होती. सरंजाम गेला, पण कसणाऱ्याच्या नावापुढे पूर्ण मालकी आली नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' असा शेरा राहिला.

वर्ग-२ म्हणजे जमीन तुमच्या ताब्यात, पण विकायची, बिगरशेती करायची किंवा बोजा चढवायचा तर सरकारची परवानगी हवी, बहुतेकदा नजराणाही भरायला हवा. पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसणाऱ्यांना बँकेच्या दारात हा शेरा आडवा येतो. भावाभावांच्या वाटण्या अडतात. म्हणून या जमिनी वर्ग-१ करण्याची मागणी कित्येक दशकांची आहे. अलीकडे प्रशासनाने ते काम हाती घेतले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उशिरा मिळालेला न्याय आहे, यात शंका नाही.

पण याची दुसरी बाजू नियोजनाची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जमीन वर्ग-२ असते तोवर ती बाजारात सहज येत नाही. वर्ग-१ झाली की पहिल्यांदा विकली जाते ती रस्त्याकडेची पट्टी. फाट्यालगतचे दोन-चार गुंठे, मग त्यामागचे, मग बोळ काढून त्याच्याही मागचे. म्हणजे ज्या महिन्यात शेरा बदलतो, त्याच महिन्यात त्या गावच्या भावी रस्त्यांची रेषा कुठे तरी काढलेली असायला हवी. प्रत्यक्षात महसूल खाते शेरा बदलते, नगररचना खाते आराखडा करते, आणि दोघांच्या वेळापत्रकांची गाठ पडेल अशी कोणतीही तरतूद नाही.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे का?

अजिबात नाही. युगांडाची राजधानी कंपाला पाहा. १९००मध्ये ब्रिटिशांनी बुगांडाच्या राजाशी करार केला आणि राजा, त्याचे सरदार व मानकरी यांना चौरस मैलांच्या हिशेबाने जमिनी दिल्या. 'मैल' या शब्दावरूनच त्या जमिनींना 'माइलो' हे नाव पडले. त्या जमिनींवर आधीपासून राहणारे, कसणारे लोक कुळे झाले. त्यांच्या कसण्याच्या तुकड्याला 'किबांजा' म्हणतात. आज कंपाला शहर याच जमिनींवर पसरले आहे. एकाच तुकड्यावर कागदाचा मालक एक आणि वहिवाटदार दुसरा. कायद्याने दोघांनाही हक्क दिले आहेत. रस्ता रुंद करायचा तर नुकसानभरपाई कोणाला द्यायची, यावरच घोडे अडते. हेऱ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आफ्रिकेतील शहरांची लोकसंख्या आज सुमारे ७० कोटी आहे. २०५०पर्यंत ती दुप्पट होऊन १४० कोटींच्या घरात जाईल, असा आंतरराष्ट्रीय संस्थांचा अंदाज आहे. बातम्यांत लागोस, नैरोबी अशी मोठी नावे येतात. पण वाढीचा मोठा भाग छोट्या गावांत होत आहे. दहा-वीस हजार वस्तीची, बाजाराची, फाट्यावरची गावे. तिथे नगररचनाकार नसतो, नकाशा जुना असतो आणि जमिनीचा व्यवहार गावच्या मुखियासमोर तोंडी किंवा साध्या कागदावर होतो.

तिथल्या दोन अनुभवांची इथे नोंद घ्यायला हवी. टांझानियाने १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने काही शहरांत मोकळ्या जमिनीवर फक्त भूखंड आणि रस्ते आखले, मूलभूत सोयी दिल्या आणि घरे लोकांवर सोडली. त्याच काळात इतरत्र आधीच उभ्या राहिलेल्या वस्त्यांत सुधारणा केल्या. काही दशकांनंतर अर्थतज्ज्ञांनी दोन्हींची तुलना केली. आधी आखलेल्या वस्त्यांतील घरे मोठी, टिकाऊ आणि नीट मांडलेली आढळली. नंतर सुधारलेल्या वस्त्या मागे राहिल्या. दुसरा अनुभव इथिओपियाचा. अदामा, बहिर दार, हवासा आणि मेकेले या चार शहरांनी २०१३च्या सुमारास शहराबाहेरच्या रानात, वस्ती पोहोचण्याआधीच, मुख्य रस्त्यांची मोठी जाळी आखायला घेतली. घरे कशी बांधावीत, कुठे काय असावे, याच्या तपशिलात ते शिरले नाहीत. फक्त रस्त्याची जागा राखायची, एवढेच काम.

इथिओपियात जमीन सरकारच्या मालकीची आहे, आपल्याकडे ती शेतकऱ्याची आहे. त्यामुळे तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. पण क्रम तोच राहतो. रेषा आधी, विक्री नंतर.

गुंठ्यात रस्ता नेमका कुठे हरवतो?

यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याची फाट्यालगत दोन एकर जमीन आहे. म्हणजे ८० गुंठे. त्याने रीतसर लेआउट मंजूर करून घेतला तर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (ती डिसेंबर २०२०मध्ये लागू झाली) ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ते झाले ८ गुंठे. आतले रस्ते साधारण ९ मीटर रुंदीचे. त्यात आणखी पंधरा-सोळा गुंठे जातात. विकायला उरतात ५६ गुंठे.

आता त्यानेच तीन मीटरचा बोळ ठेवून एकेक गुंठा नोटरीवर विकला, तर बोळात फार तर ८ गुंठे जातील. विक्रीला ७२ गुंठे मिळतील. फरक १६ गुंठ्यांचा. शेतकऱ्याच्या हातात त्या १६ गुंठ्यांचे पैसे आले, आणि तेवढ्याच १६ गुंठ्यांचा रस्ता व मैदान गावाच्या हातून गेले. गुंठेवारीला 'बेकायदा' म्हणून हिणवण्याआधी हा हिशेब समजून घ्यायला हवा. गरजू माणसाला एक गुंठा परवडतो, रीतसर भूखंड परवडत नाही. विकणाऱ्यालाही परवानगीच्या फेऱ्या नको असतात. दोघांचीही सोय होते. किंमत तिसरा मोजतो, आणि तो तिसरा बहुतेकदा तोच घेणारा असतो, दहा वर्षांनी, रुग्णवाहिका बोळात शिरत नाही तेव्हा.

०.४ हेक्टर म्हणजे जवळपास ४० गुंठे. चंदगडसारख्या भागात वाटण्या होत होत बहुतेक धारणा त्याहून लहान उरतात. त्यामुळे एकेका मालकाने प्रामाणिकपणे लेआउट केला तरी खुल्या जागेची अट त्याला लागू होणार नाही. चार शेजाऱ्यांच्या वीस-वीस गुंठ्यांत कुठेच मैदान येत नाही. चारही रस्ते एकमेकांना जोडले जातील याचीही खात्री नसते. ही उणीव कोणा एका मालकाची म्हणता येणार नाही. सर्वांची जमीन एकत्र पाहणारा नकाशाच नसतो.

तुकडेबंदी कायदा तर आहे ना?

आहे, १९४७पासून. हेतू शेतीचा होता. जमिनीचे इतके लहान तुकडे पडू नयेत की शेती परवडेनाशी होईल. ऑगस्ट २०२३मध्ये राज्याने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे असे ठरवले. त्याहून कमी क्षेत्राची सरळ खरेदी नोंदवता येत नाही. म्हणून वाटा निघाल्या. दहा जणांच्या नावे एकत्र खरेदी, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, शंभराच्या मुद्रांकावरची कब्जेपट्टी. कायद्याने तुकडे थांबले नाहीत, फक्त ते सातबाऱ्यावर दिसेनासे झाले. घरफाळा मात्र भरला जातो. घरफाळ्याची पावती हाच मालकीचा पुरावा, असे समजणारे कमी नाहीत. ती पावती घर कोणाच्या वापरात आहे एवढेच सांगते. बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला तिने मिळत नाही.

यावर उपाय म्हणून सरकारने वेळोवेळी नियमितीकरणाचे दार उघडले. गुंठेवारी कायदा २००१मध्ये आला, तेव्हा १ जानेवारी २००१पर्यंतची विभागणी ग्राह्य धरली होती. २०२१मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२०वर आली. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या अध्यादेशाने नागरी आणि निवासी-वाणिज्यिक वापराच्या क्षेत्रांतील, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. आयुष्याची कमाई गुंठ्यात घातलेल्या कुटुंबांना त्याने दिलासा मिळाला, हे खरेच.

पण नियमितीकरणाने नेमके काय होते? नाव सातबाऱ्यावर येते. कर्ज मिळू शकते. विक्री सोपी होते. तीन मीटरचा बोळ मात्र तीन मीटरच राहतो. किंबहुना आता तो कायमचा तीन मीटरचा होतो, कारण दोन्ही बाजूंचे मालक पक्के झाले. मालकीचा प्रश्न सुटणे आणि वस्तीचा प्रश्न सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे श्रेय घ्यायला सगळे पुढे असतात, दुसऱ्याचे काम कोणाच्याही अंगावर नसते. शिवाय दर काही वर्षांनी तारीख पुढे सरकते, हे बाजाराला कळून चुकले आहे.

नगरपंचायत आराखडा करेलच की?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६नुसार नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरण असते. विकास आराखडा करणे हे तिचे काम. आधी इरादा जाहीर करायचा, मग सध्याच्या जमीनवापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा, त्यावर सूचना-हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. कागदावर प्रक्रिया चांगली आहे. अडचण ताकदीची आहे. छोट्या नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली मोजके कर्मचारी. कचरा, पाणी, दिवाबत्ती यांतच दिवस जातो.

त्याहून मोठी अडचण पैशाची. आराखड्यात शाळा, बाग, भाजी मंडई, वाहनतळ अशी आरक्षणे टाकली जातात. ती जागा घ्यायची तर २०१३च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभावाच्या किमान दुप्पट मोबदला द्यावा लागतो. नगरपंचायतीच्या घरफाळ्यातून ते होणे नाही. मोठ्या शहरांत पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क दिला जातो, म्हणजे टीडीआर. तो घेऊन बिल्डर दुसरीकडे जादा मजले चढवतो. पण चंदगडमध्ये टीडीआर विकत घेणार कोण? जिथे दोन मजल्यांच्या पुढे कोणी जात नाही, तिथे जादा मजल्याच्या हक्काला गिऱ्हाईक नाही.

मग आरक्षण कागदावर पडून राहते. दहा वर्षांनंतर मालक कलम १२७खाली नोटीस देऊ शकतो. २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. राज्यातील कितीतरी नगरपालिकांनी अशी मैदाने गमावली आहेत. तोवर मालकही वैतागलेला असतो, कारण दहा वर्षे त्याला त्या जमिनीचे काहीच करता आलेले नसते. पन्नास आरक्षणे टाकून एकही ताब्यात न घेण्यापेक्षा पाच-सहा मुख्य रस्ते, नाल्यांच्या पट्ट्या आणि एक मोठे मैदान एवढेच पक्के करावे, हे छोट्या गावाच्या ताकदीला शोभणारे आहे. नगररचनेच्या पुस्तकातील निकषांत ते बसणार नाही. पण गावाला त्याचा उपयोग होईल.

पैसे नसताना जागा मिळते कशी?

याचे उत्तर कायद्यातच आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने 'नगररचना योजना' ही पद्धत आणली. आजच्या १९६६च्या कायद्यातही ती आहे. कल्पना साधी. एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड करून त्याच मालकांना परत द्यायची. क्षेत्र कमी होते. पण वेड्यावाकड्या, वाट नसलेल्या शेताऐवजी रस्त्याला लागून असलेला भूखंड मिळतो, म्हणून किंमत वाढते. कोणा एकाची जमीन पूर्ण जात नाही आणि दुसऱ्याची फुकटात सोन्याची होत नाही.

कायदा मुंबईचा, वापर केला गुजरातने. अहमदाबादच्या वाढीचा मोठा भाग अशाच योजनांतून झाला. तिथला ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोडही याच मार्गाने साकारला. २००१च्या भूकंपानंतर भूज शहर पुन्हा उभारताना हीच पद्धत वापरली. महाराष्ट्रात ती बराच काळ बाजूला पडली होती. अलीकडे पनवेलजवळचे 'नैना' क्षेत्र आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे ती पुन्हा हाती घेतली गेली. दोन्ही ठिकाणी जमिनीचे भाव गगनाला भिडल्यानंतर. हे काम भाव कमी असताना सोपे असते, कारण तेव्हा प्रत्येक गुंठ्यामागे भांडण नसते.

शेतकऱ्यांचा संशय मात्र गैर म्हणता येणार नाही. शेजारच्या बेळगावात हलगा-मच्छे बायपासवरून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. सुपीक, पिकाऊ जमीन रस्त्यात जाते, हे त्यांचे दुःख होते. नकाशा घेऊन आलेला अधिकारी म्हणजे जमीन जाणार, हे गणित सीमाभागात पक्के बसले आहे. जागा परत मिळणार आहे, हे पटवायला शासन निर्णयाची प्रत पुरेशी नाही. त्यासाठी एखाद्या वाडीत, वीस-पंचवीस एकरांवर, मालकांच्या संमतीने एक छोटी योजना पूर्ण करून दाखवावी लागेल.

पाणंद आणि नाला

चंदगडमध्ये रस्त्यांचा एक सांगाडा आधीच आहे. तो म्हणजे पाणंदी. गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ऊस, भात आणि काजूच्या मालासाठी वापरल्या जाणाऱ्या याच वाटा उद्याच्या शहराचे रस्ते होणार आहेत, कारण लोक त्यांच्याच कडेने घरे बांधतात. आज पाणंदीच्या दोन्ही बाजूंना शेत आहे. तिची मध्यरेषा मोजून दोन्हीकडे ठरावीक अंतर 'भावी रस्ता' म्हणून आराखड्यात दाखवले, तर घर बांधणारा आपोआप मागे सरकून बांधेल. कोणाची भिंत पाडावी लागणार नाही. शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय राज्याने मे २०२५मध्ये घेतला. शेतात ट्रॅक्टर जायला ती रुंदी पुरते. फाट्याजवळच्या, वस्ती येऊ घातलेल्या पाणंदींना ती पुरणार नाही. तिथे आत्ताच ९ किंवा १२ मीटरचा विचार हवा.

नाल्यांचे तसेच. तालुक्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याचा धुवांधार पाऊस आणि पूर्वेला कर्यात भागातील सपाटी. वरचे पाणी ताम्रपर्णी आणि घटप्रभा खाली घेऊन येतात. ऑगस्ट २०१९मध्ये कोवाडच्या बाजारपेठेत ताम्रपर्णीचे पाणी शिरले आणि दुकानदारांचा माल गेला. मोठ्या नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन्ही रेषांच्या मध्ये निर्बंध. पण गावातले ओढे आणि शेतातले ओहोळ या रेषांत येत नाहीत. वर्षातले आठ महिने ते कोरडे असतात, म्हणून गुंठा विकताना ते हिशेबातही धरले जात नाहीत. ओढ्यावर मुरूम टाकून सपाट केलेला भूखंड फेब्रुवारीत बघायला फार छान दिसतो. चंदगडमध्ये जागा घेणाऱ्याने ती जुलैत पाहावी.

पश्चिमेकडे आणखी एक मर्यादा आहे. संवर्धन राखीव क्षेत्र आणि पश्चिम घाटातील प्रस्तावित पर्यावरण संवेदनशील गावे यांमुळे तिकडच्या वाढीवर बंधने आहेत, आणि हत्तींचा वावर पाहता ती असायलाही हवीत. म्हणजे वाढीचा सगळा भार बेळगाव-वेंगुर्ले मार्गाच्या पट्ट्यावर येतो. आणि इथे एक गंमत आहे. हा पट्टा बहुतांशी नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर, वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत आहे. कोल्हापूर शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७मध्ये वेगळे विकास प्राधिकरण नेमले गेले. चंदगडच्या फाट्यांसाठी जिल्ह्याच्या प्रादेशिक योजनेखेरीज दुसरी छत्री नाही. नगरपंचायतीने कितीही चांगला आराखडा केला, तरी नागनवाडीत काय होते यावर तिचा अधिकार नाही.

रहिवाशांच्या हाती काय?

आराखड्याच्या प्रक्रियेत सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे सध्याच्या जमीनवापराचा नकाशा. पाणंद कुठे आहे, ओढा कुठून वाहतो, स्मशानाची वाट कोणती, जत्रेला गाड्या कुठे लागतात, हे त्यात नोंदवले गेले तरच पुढच्या आराखड्यात टिकते. हा नकाशा बाहेरच्या यंत्रणेने ड्रोन आणि उपग्रहाच्या मदतीने केला, तर झाडाखालची पायवाट आणि कोरडा ओढा त्यात उमटत नाही. ते सांगणारा माणूस गावातलाच लागतो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर सूचना-हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. बहुतेक गावांत या काळात येणाऱ्या हरकती एकाच प्रकारच्या असतात : माझ्या गटावरचे आरक्षण उठवा. तो मालकाचा हक्कच आहे. पण 'ही पाणंद नकाशात दाखवलेली नाही', 'हा ओढा भूखंडाखाली गेला आहे' अशी हरकतही कोणीही रहिवासी देऊ शकतो. त्यासाठी त्या गटात त्याची जमीन असावी लागत नाही. अर्ज साध्या कागदावर, गट क्रमांक आणि गाव नकाशाच्या प्रतीसह नगरपंचायतीत द्यायचा आणि पोच घ्यायची. गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते.